कडाक्याच्या थंडीत डिझेल गाडी सुरू होते, पण दहा मिनिटांत बंद पडते. बॅटरी नवीन आहे, मग बिघाड कशात?

पहिल्याच सेल्फला गाडी लागते, थोडं अंतर गेल्यावर जोर जातो आणि मग ती बंद पडते, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बॅटरी, सेल्फ आणि ग्लो प्लग (गाडी लावताना इंजिनाच्या आत ऊब देणारे प्लग) आपापलं काम करताहेत. माझा संशय टाकीतल्या डिझेलवर आहे.

डिझेलमध्ये पॅराफिनचं मेण विरघळलेलं असतं. ती भेसळ नाही, ते इंधनच आहे आणि छान जळतं. पण पारा उतरला की त्या मेणाचे बारीक स्फटिक व्हायला लागतात आणि डिझेल गढूळ दिसतं. टाकीतलं डिझेल अजून वाहत असतं, फिल्टरच्या कागदातून मात्र स्फटिक पुढे जात नाहीत. सुरुवातीला इंजिनाला पुरेल इतकं डिझेल मिळतं, मग थरावर थर साचत जातो आणि वाट बुजते. तुमची ती दहा मिनिटं बहुतेक हीच.

मी बरीच वर्षं मालवाहू गाड्यांची इंजिनं दुरुस्त करतोय. एकदा पहाटे उणे १२ अंशांत असाच एक ट्रक अडकला होता. चालकाने सेल्फ मारून मारून बॅटरी पार उतरवली होती. फिल्टर उघडला तर कागदाच्या घड्यांवर राखाडी-पांढरा लेप. नखाने खरवडला तर मेणबत्तीच्या ओघळासारखा निघाला, आणि तळहाताच्या उबेने पातळ झाला. नवा फिल्टर बसवला, फिल्टरच्या घरावर फडकं गुंडाळून वरून गरम पाणी ओतत राहिलो, हातपंपाने हवा काढली. दुसऱ्या बॅटरीवर सेल्फ मारला आणि ट्रक लागला. म्हणून थंडीत एक जादा फिल्टर गाडीत ठेवाच. आणि टाकीखाली जाळ कधीही करू नका, मी तसं करणारे पाहिलेत.

बाजारात मेण धरू न देणारं द्रव्य मिळतं. ते डिझेल गढूळ होण्याआधी, टाकी भरतानाच घालायचं असतं. एकदा मेण धरल्यावर ओतलं तर धरलेलं मेण त्याने विरघळत नाही. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात: सकाळी गाडी अडली की बाटली ओततात.

त्याहून चांगला उपाय म्हणजे हिवाळी डिझेल. युरोपच्या ईएन ५९० मानकात हवामानाप्रमाणे प्रती ठरवलेल्या आहेत. साध्या प्रतींत सगळ्यात थंडीची प्रत उणे २० अंशांपर्यंत फिल्टरमधून जाते, अतिथंड भागांसाठीची उणे ४४ पर्यंत. पण उबदार सखल भागात टाकी फुल्ल करून तुम्ही वर थंडीत गेलात तर टाकीत उन्हाळीच डिझेल असतं. तेव्हा वर पोचताना टाकी रिकामी होत आलेली असावी आणि तिथलंच डिझेल भरावं. रात्री गाडी लावताना मात्र टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतली वाफ थंडीत पाणी होऊन तळाशी बसते, आणि त्याचा बर्फ झाला तर नळी तशीच तुंबते. फिल्टरखालचं पाणी आठवड्याला सोडत जा.

रॉकेल मिसळायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. जुन्या इंजिनांत ते चालून जायचं. आताच्या कॉमन रेल इंजिनांत (एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरांना जोरदार दाबाने डिझेल देणाऱ्या) पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेलने ते कमी पडतं आणि पंप झिजतो. पेट्रोल तर थेंबभरही नको, त्याची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते.

ज्यांची गाडी लागतच नाही त्यांचं दुखणं वेगळं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटतं, आणि गारठलेलं लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं. त्यात उणे १८ अंशांला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि १५डब्ल्यू-४० हे नेहमीचं इंजिन ऑइल घट्ट होतं. तिथे थंडीतही पातळ राहणारं ५डब्ल्यू ऑइल आणि निघण्याआधी दोन-तीन तास लावलेला ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) हेच खरे उपाय. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात, गाडी लागावी म्हणून मारतात तो ईथरचा (झटकन पेटणाऱ्या द्रवाचा) फवारा मारू नका, आतच स्फोट होतो.

तुमच्यापुरती एक सोपी परीक्षा सांगतो. बंद पडलेली गाडी काहीही न करता उन्हात राहू द्या. दुपारी हवा गोठणबिंदूच्या बरीच वर गेल्यावर ती व्यवस्थित धावली, तर मेण नाहीतर बर्फ. फिल्टर बदला, आणि फिल्टरला हीटर असेल तर त्याचा फ्यूज बघा. ऊब मिळूनही दहा मिनिटांत बंद पडली, तर टाकीपासून पंपापर्यंतच्या नळ्यांचे जोड तपासा. थंडीने आखडलेल्या रबरातून कुठेतरी हवा शिरत असेल.