शनिवारवाड्यातली ती दुपार

तुमचा प्रश्न असा आहे: 'प्रसिद्ध झपाटलेल्या वास्तूंच्या गोष्टींत तथ्य किती असतं? पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून "काका, मला वाचवा" अशी हाक येते म्हणतात. पुण्यात राहणाऱ्या कुणी ती ऐकली आहे का?'

मी ऐकलेली नाही, आणि ऐकायला मी मुद्दाम गेलो होतो. शिकायला पुण्यात आलो तेव्हा चार वर्षं शनिवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर कॉट बेसिसवर राहत होतो. शनिवारवाडा तिथून पायी पाच मिनिटांवर. पहिल्याच वर्षी कोजागरीचं दूध पिऊन झाल्यावर आम्ही चौघं दिल्ली दरवाज्यासमोरच्या पटांगणात जाऊन बसलो. बारा वाजले, एक वाजला. शिवाजी पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज येत होते, मधूनच कुत्री भुंकत होती, तटाच्या आत कुठेतरी एक घुबड ओरडत होतं. चंद्रप्रकाशात दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे चमकत होते. दोनच्या सुमारास थंडी वाजायला लागली तसे उठून परत आलो.

पुढे मी पेशवाईवर वाचायला लागलो आणि लक्षात आलं की आम्ही चुकीच्या वेळी जाऊन बसलो होतो. नारायणराव पेशव्यांचा खून पौर्णिमेला झाला नाही आणि रात्रीही झाला नाही. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे गणपतीचे दिवस. आणि वेळ भर दुपारची, जेवणं उरकून माणसं जरा आडवी होतात ती. ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवसापासून मला त्या जागेची खरी भीती वाटू लागली, आणि ती अजून गेलेली नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नारायणराव तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. थोरले भाऊ विश्वासराव पानिपतावर पडले, मधले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले, आणि पेशवाईची वस्त्रं या धाकट्याच्या अंगावर आली. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना गादी हवी होती. ते त्याच वाड्यात नजरकैदेत होते. एकाच छपराखाली पुतण्या पेशवा आणि काका कैदी, असे कित्येक महिने गेले.

वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी होते. गारदी म्हणजे कवायती पायदळ, पगारावर ठेवलेलं, आणि पगार थकलेला. काहीतरी शिजतंय याची कुणकुण पेशव्यांना लागली होती. त्यांनी आपले सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. जेवण करून मग बंदोबस्त करू, असं म्हणून हरिपंत आधी जेवायला गेले, असं इतिहासकार सांगतात. या एका तपशिलाशी मी दर वेळी अडखळतो. माणूस वाईट नव्हता, पुढे त्याने मराठी राज्याची मोठी सेवा केली. फक्त आधी जेवून घेतलं.

थकलेल्या पगाराचा गलका करत सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसफ यांचे गारदी आत घुसले. वाटेत जो आडवा आला त्याला कापलं. गलका ऐकून नारायणराव उठून पळाले. आधी सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्या दालनात गेले आणि त्यांनीच काकांकडे जायला सांगितलं, असं म्हणतात. ते काकांकडे धावले आणि त्यांना मिठी मारली. वाचवा म्हणून विनवणी केली. तुम्ही म्हणता ती हाक ही.

काही वर्षांपूर्वी पाहुण्यांना वाडा दाखवायला घेऊन गेलो होतो. कुठल्याशा गावच्या शाळेची सहल आली होती. पोरं त्या दगडी चौथऱ्यांवरून उड्या मारत 'काका, मला वाचवाऽऽ' ओरडत होती. वाड्याच्या आत ती हाक मी ऐकली ती एवढीच, आणि तीही दुपारीच. एका बारक्या मुलाने बाईंना विचारलं, "मग काकांनी वाचवलं का?" बाई पुढच्या रांगेला आवरत होत्या, त्यांच्या कानावर ते गेलं नाही. मीही काही बोललो नाही, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.

काकांनी वाचवलं नाही. सोडला नाहीत तर त्याच्याबरोबर तुम्हीही मराल, असं सुमेरसिंगने बजावलं आणि राघोबांनी ती मिठी सोडवली. राघोबांचा चाकर तुळाजी पवार याने नारायणरावांना ओढलं. त्या क्षणी चापाजी टिळेकर नावाच्या सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. गारद्यांनी दोघांनाही तोडलं. अर्ध्या-पाऊण तासाच्या त्या धुमाकुळात एकूण अकरा माणसं मेली. त्यात कारकून-भिक्षुक ब्राह्मण होते, चाकर होते, दोन कुणबिणी, म्हणजे दासी, होत्या. आणि एक गायही मारली गेली. त्याच रात्री नदीकाठी घाईघाईने दहन झालं. वाड्याच्या दक्षिण तटात एक दरवाजा आहे, मूळचा जांभूळ दरवाजा. नारायणरावांचा देह तिथून बाहेर नेला म्हणून त्याला पुढे नारायण दरवाजा म्हणू लागले.

आता या गोष्टीतलं भूत बाजूला ठेवून बघा. तट शाबूत होता. हत्तीने धडक मारू नये म्हणून खिळे ठोकलेला दिल्ली दरवाजा शाबूत होता. शत्रूची फौज पुण्यापासून कोसभर अंतरावर सुद्धा नव्हती. मारेकरी म्हणजे पहारेकरीच, आणि ज्याच्या गळ्यात पडायचं तो माणूस त्यांना सामील. हे सगळं लख्ख उजेडात घडलं, बाहेर पेठेत गणपतीच्या आरत्या चालू असताना. किंकाळी रात्रीची केली की हे सगळं अंधारात जातं, आणि माझं या भूतकथेशी भांडण आहे ते इथेच.

'ध'चा 'मा'ची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. 'नारायणरावास धरावे' या हुकमात राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंनी 'ध' खोडून 'मा' केला, ही आख्यायिका. ती इतकी रुजली की हुकमात किंवा मजकुरात फेरफार करण्याला आपण आजही 'ध चा मा करणे' म्हणतो. मला मात्र त्या पहिल्या शब्दाचं नवल वाटतं. 'धरावे' एवढंच लिहिलं होतं असं मानलं, तरी पगार न मिळालेल्या हत्यारबंद लोकांना अठरा वर्षांच्या पुतण्याला धरायला पाठवणं हे काय कमी आहे? सगळा दोष एका अक्षरावर आणि एका बाईवर ढकलला की काका बरेच हलके होतात. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी तसं होऊ दिलं नाही. त्यांनी चौकशी केली, सुमारे पन्नास माणसं कटात गुंतलेली निघाली, आणि राघोबांना तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही. मग पुणं सोडून रामशास्त्री वाईजवळ जाऊन राहिले. स्वतः पेशवा होऊन बसलेल्या माणसाला हे सांगायचं होतं. भूतकथा सांगणारे इथवर येतच नाहीत. किंकाळीपाशी थांबतात.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती बऱ्याच पुणेकरांच्याही लक्षात आलेली नसते. नारायणरावांच्या मागे त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे बारभाईंनी, म्हणजे राघोबांविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांनी, त्यांना पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ रोजी तिथे सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांचे असताना पेशवे झाले. हा मुलगा एकवीस वर्षांचा असताना, २५ ऑक्टोबर १७९५ रोजी, याच शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी गेला. तापात तोल गेला की उडी घेतली, यावर अजून वाद आहे. पण तिथी पाहा. ऐन कोजागरीचे दिवस. म्हणजे पौर्णिमेशी ज्याचं मरण खरोखर जोडलेलं आहे तो बाप नाही, लेक आहे. त्याचं भूत कुणी सांगत नाही. त्याच्या नावाने हाक येत नाही. त्याने कुणाला हाक मारलीच नसेल, किंवा कुणाच्या कानावर गेली नसेल.

तुम्ही एकंदर झपाटलेल्या घरांबद्दल विचारलंय म्हणून अमेरिकेतल्या अॅमिटीव्हिल गावातल्या एका घराचं उदाहरण थोडक्यात देतो, कारण तिथेही असंच झालं. १३ नोव्हेंबर १९७४ च्या पहाटे रोनाल्ड डिफिओ या तेवीस वर्षांच्या तरुणाने आई, वडील, दोन बहिणी आणि दोन भाऊ अशा सहा जणांना ते अंथरुणात असताना गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी डिसेंबरात लुट्झ कुटुंब तिथे राहायला आलं, अठ्ठावीस दिवसांनी घर सोडून गेलं, आणि त्यांनी सांगितलेल्या भुताटकीने जगभर नाव केलं. ही भयकथा आपण त्यांच्यासोबत वाइनच्या बाटल्या रिचवत रचली, असं डिफिओच्या वकिलाने पुढे कबूल केलं. आज त्या घराची खिडकी कशी दिसते हे हजारोंना माहीत आहे. त्या रात्री मेलेल्या चार भावंडांची नावं किती जणांना सांगता येतील?

राजस्थानातल्या भानगढ किल्ल्याबद्दल एकच सांगतो, कारण तेच शनिवारवाड्यालाही लागू आहे. 'सूर्यास्तानंतर प्रवेश बंद' ही पुरातत्त्व खात्याची पाटी भुतांचा पुरावा म्हणून दाखवली जाते. पण संरक्षित स्मारकं संध्याकाळी बंद होतात हा साधा नियम आहे. शनिवारवाड्याचा दरवाजा संध्याकाळी लागतो तो या नियमापायी.

आणि तुम्ही ज्याला झपाटलेला वाडा म्हणता तो वाडा आता नाहीच. पहिल्या बाजीरावांनी जानेवारी १७३० मध्ये पाया घातलेली ती लाकडी, मजल्यांवर मजले चढवलेली वास्तू फेब्रुवारी १८२८ मध्ये आगीत सापडली आणि कितीतरी दिवस जळत होती. उरले ते तट, दरवाजे, नगारखाना, कारंज्यांचे दगड आणि चौथरे. नारायणराव ज्या दालनांतून पळाले, ज्या खोलीत त्यांनी मिठी मारली, त्यांची आज राखही नाही.

जायचंच असेल तर पौर्णिमेची वाट पाहू नका. गणपतीत जा, तिकीट काढून, जेवणानंतर एकच्या सुमाराला. आत फार गर्दी नसते तेव्हा. उन्हात चौथऱ्यांमधून चालत जा, पळत गेलं तर वाडा संपायला किती कमी वेळ लागतो ते पाहा, आणि मग नारायण दरवाज्यापाशी थोडं थांबा. चापाजी टिळेकर हे नाव मला तिथल्या कुठल्याच पाटीवर दिसलं नाही. तुम्हाला दिसलं तर इथे जरूर लिहा.