कंबर धरते, तरी जिम सोडायची नाही

प्रश्न : वय ४२. जुनी कंबरदुखी आहे, डॉक्टरांनी व्यायामाला हरकत घेतलेली नाही. पण सिट-अप्स आणि लेग प्रेस (मशीनवर पायांनी वजन ढकलणं) केले की दुसऱ्या दिवशी कंबर धरते. काय करू?

उत्तर : सिट-अप्स आजच बंद करा. माझी कंबरही त्यांनीच दोनदा धरली. तिसऱ्यांदा शहाणपण आलं! पोटाच्या स्नायूंचं काम मणका वाकू न देणं हेही आहे, म्हणून प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून शरीर फळीसारखं सरळ धरणं), साइड प्लँक (तेच एका कुशीवर), बर्ड-डॉग करा. बर्ड-डॉगमध्ये गुडघ्या-हातांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, १० सेकंद थांबायचं, मग बाजू बदलायची. कंबरेवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजा, तो सांडता कामा नये.

लेग प्रेसला गुडघे छातीपर्यंत आणता ना? तिथेच कंबर गादीवरून उचलली जाते आणि मणका वाकतो. त्याच्या थोडं आधीच थांबा. पाठीसाठी छाती टेकवून करायचं रोइंग मशीन उत्तम. उठल्या उठल्या मात्र वाकायचे व्यायाम नकोत, रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या असतात.

पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, तातडीने.