सीएनजी फिल्टर बदलताना

भाऊ, फिल्टर खोलण्याआधी लाइनमधील दाब उतरवणे हेच खरे काम आहे. टाकीतील वायू सुमारे 200 बार दाबाचा असतो. म्हणून गाडी मोकळ्या जागेत उभी करून टाकीचा व्हॉल्व्ह हाताने बंद करावा आणि इंजिन गॅसवर चालू ठेवावे. ते आपोआप बंद पडले किंवा पेट्रोलवर गेले, की चावी काढून बॅटरीची ऋण तार सोडावी. तरीही थोडा वायू अडकलेला असतो; त्यामुळे फिल्टरचा नट पाव फेरा सैल करून फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. इथे घाई करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात अनेकजण शेडचे शटर ओढून काम करतात, ते धोक्याचे आहे. सीएनजीतील मुख्य वायू मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छताखाली साठतो आणि हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीने पेटतो.

फिल्टरमध्ये तेल दिसल्यास ते बहुधा सीएनजी पंपावरील कॉम्प्रेसरचे (वायू दाबणाऱ्या यंत्राचे) असते. ओ-रिंग (जोडातून गळती रोखणारी रबरी कडी) नवीच घालावी, फिल्टरवरील बाण वायू वाहण्याच्या दिशेने आहे ना ते पाहावे, टाकीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे तपासावेत.