हॅलरटाउ मिटलफ्रू हॉप लागर बिअरमध्ये कधी घालावा?

धान्याचा गोड रस उकळताना, शेवटी घाला. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारं एका वेलीचं फूल. हा जर्मनीच्या बव्हेरियातल्या हॅलरटाउ भागातला जुना, सुगंधासाठीच नावाजलेला वाण. ‘मिटलफ्रू’ म्हणजे मध्यम-लवकर पिकणारा. यात कडवटपणा देणारं अल्फा आम्ल जेमतेम ३ ते ५.५ टक्के, त्यामुळे नुसत्या कडवटपणासाठी तो वापरणं मला नासाडी वाटते. सुकं फूल बोटांनी चुरडलं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. तेच ल्युप्युलिन, सुगंध आणि कडवटपणा यातूनच येतो. नाकाशी धरलं की आधी गवताचा, मग फुलांचा आणि मागून हलका मसाल्याचा वास येतो.

हा वास उकळीत उडून जातो. म्हणून मोठा वाटा शेवटच्या १०-१५ मिनिटांत टाका आणि कडवटपणासाठी सुरुवातीला माग्नुमसारखा जास्त अल्फाचा हॉप थोडासा वापरा.

व्हर्टिसिलियम बुरशीच्या मर रोगामुळे मधल्या काळात याची लागवड खूप घटली होती, बरेच शेतकरी हर्सब्रुकर या दुसऱ्या हॉप वाणाकडे वळले. तरीही हा वाण टिकला, याचा मला मनापासून आनंद आहे.

घेताना पाकिटावरचं कापणीचं वर्ष बघा. याचा सुगंध लवकर उतरतो, त्यामुळे उघडलेलं पाकीट हवा काढून, घट्ट बंद करून फ्रीझरमध्येच ठेवा.