बचनागात नाग नाही

प्रश्न असा आहे: यादवकाळातल्या देवगिरीवर बेतलेल्या, किशोरांसाठीच्या एका कल्पनारम्य कादंबरीत वैद्याची मुलगी कुंपणावरून लाल-पिवळ्या फुलांचा 'बचनाग' खुडते. या नावात नाग कुठून आला?

मुळात नाग नाहीच. 'मुळी नागासारखी वळलेली म्हणून बचनाग' हे ऐकून कान किटले. संस्कृत नाव वत्सनाभ. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तर 'वत्सनाभ्याकृति' असं स्वच्छ म्हटलंय, म्हणजे वासराच्या बेंबीच्या आकाराचं. मुळीचं विष ठाऊक असलेल्या लोकांनी 'नाभ'चा 'नाग' करून टाकला.

पण खरी गंमत 'बच'मध्ये आहे. वत्सचं प्राकृतात वच्छ झालं. तिथून मराठीत आलं वासरू, हिंदीत बछड़ा. मत्स्याचंही तेच: आपला मासा, त्यांची मछली. म्हणजे मराठीच्या वळणाप्रमाणे शब्दाच्या सुरुवातीचा 'व' टिकतो (वाघ, वीस, हिंदीत बाघ, बीस) आणि 'च्छ'चा 'स' होतो. वत्सनाभ आपल्याच वाटेने उतरला असता, तर त्याची सुरुवात 'वास'ने झाली असती. 'बच' हे रूप मराठीच्या घरचं नव्हे, ते हिंदी 'बछनाग'वरून आलेलं आहे. आणि ते तसंच असायला हवं! ही वनस्पती हिमालयातल्या उंच, थंड भागातली. सह्याद्रीत ती उगवत नाही. वाळलेली मुळी उत्तरेकडून व्यापारात आली आणि तिच्याबरोबर तिचं नावही आलं, असं माझं ठाम मत आहे. बचनाग हा 'वत्सनाभचा मराठी तद्भव' असं सांगून मोकळे होणाऱ्यांनी आधी 'वासरू' शब्दाचा हिशेब द्यावा.

राहिलं कुंपणावरचं फूल. बचनागाची फुलं निळी-जांभळी असतात. लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या वर वळलेल्या पाकळ्यांची ती कळलावी, संस्कृतात अग्निशिखा. वनस्पतींच्या याद्यांत कळलावीपुढे 'बचनाग' हा पर्याय बेधडक छापतात, तो आधी काढून टाकायला हवा. दोन्ही विषारी, पण विषं निराळी: बचनागातलं अ‍ॅकोनिटीन हृदयाचे ठोके बिघडवतं, कळलावीतल्या कोल्चिसिनने आधी उलट्या-जुलाब सुरू होतात. कादंबरीत पुढे कुणाला विष दिलं जाणार असेल, तर लक्षणं कोणती लिहायची हे या नावावरच ठरतं.