‘इमर्जन्स’ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडच्या एका शिक्षिकांचा प्रश्न आहे. आठवी-नववीच्या मुलांसाठी त्या जीवशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणत आहेत आणि ‘इमर्जन्स’ या शब्दापाशी अडल्या आहेत. उदय, उगम, उद्भव, आविर्भाव असे चार शब्द त्यांना सुचले. यांतला कोणता घ्यावा, असं त्या विचारतात.

शब्द निवडण्याआधी वस्तू बघून घेऊ. हिवाळ्यात पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवणला गेलात, तर संध्याकाळी भोरड्यांचे थवे दिसतात. हजारो पक्षी एकदम वळतात, थवा क्षणात फुगतो, आक्रसतो, पुन्हा पसरतो. त्यांना वळायला सांगणारा म्होरक्या कुणी नसतो. भोरडीच्याच कुळातल्या युरोपीय स्टार्लिंगचा रोममध्ये अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की एकेक पक्षी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांशीच जुळवून घेत उडतो. थव्याचं वजन काढायचं तर एकेका पक्ष्याचं वजन मिळवत गेलं की झालं. थव्याचं वळण मात्र असं मिळवता येत नाही, कारण ते एकट्या पक्ष्यात नसतंच. १८७५ साली जॉर्ज हेन्री लुईस या इंग्रज लेखकाने नेमका हा भेद दाखवायला दोन शब्द वापरले. वजनासारखे नुसत्या बेरजेने मिळणारे ‘रिझल्टंट’ परिणाम एका बाजूला आणि थव्याच्या वळणासारखे, सुट्या घटकांत नसलेले, ज्यांना त्याने ‘इमर्जंट’ म्हटलं ते दुसऱ्या बाजूला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ सालीच पाण्याचं उदाहरण दिलं होतं: हायड्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या गुणांचा मागमूसही पाण्यात सापडत नाही.

आता तुमचे चार शब्द. उगम नदीचा असतो, तिथे सुरुवात कळते, नवेपण नाही. उदय होतो तेव्हा सूर्य आधीपासून असतोच, फक्त दिसू लागतो. उद्भवणे हे क्रियापद मराठीत बहुतेक वेळा संकटाच्या सोबतीने येतं. प्रश्न उद्भवतो, वाद उद्भवतो, अडचण उद्भवते.

आविर्भाव हा शब्द मात्र मी अजिबात घेणार नाही, आणि कारण फक्त ‘मोठ्या आविर्भावात बोलणे’ हे नाही. आविर्भाव हा सांख्यांच्या, म्हणजे एका प्राचीन भारतीय दर्शनाच्या, विचारातला मोलाचा शब्द आहे. कार्य कारणात आधीच दडलेलं असतं, तिळात तेल असतं तसं, आणि ते प्रकट होणं म्हणजे आविर्भाव, असं सांख्य मानतात. इमर्जन्सची कल्पना याच्या थेट विरुद्ध टोकाला आहे. मुलांना हा शब्द दिला तर थव्याचं वळण प्रत्येक भोरडीत लपलेलं होतं, असंच ती समजतील. खरं तर मूळ लॅटिन शब्दातही हा घोटाळा आहे. त्याचा अर्थ बुडालेलं वर येणं, म्हणजे तिथेही वस्तू पाण्याखाली होतीच. म्हणून शब्दशः भाषांतर इथे कामाचं नाही.

आपल्याकडे ही कल्पना फार जुनी आहे आणि ती आली लोकायतांकडून, म्हणजे चार्वाकपंथी जडवाद्यांकडून. चैतन्य कुठून येतं, याचं त्यांचं उत्तर माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात नोंदवलं: ‘किण्वादिभ्यो मदशक्तिवत्’, म्हणजे किण्व (मद्य आंबवणारं द्रव्य) वगैरे पदार्थांपासून मादकता उपजते तसं. सर्वसिद्धान्तसंग्रह या वेगवेगळ्या दर्शनांची मतं सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात तर याहून घरगुती दाखला आहे: ‘ताम्बूलपूगचूर्णानां योगाद्राग इवोत्थितम्’. पान हिरवं, सुपारी तपकिरी, चुना पांढरा, आणि तिन्ही एकत्र आले की लाल रंग उठतो! विडा रंगला, असं आपण रोज म्हणतो. हे वाचल्यापासून पेठेतल्या पानपट्टीसमोरून जाताना मला दर वेळी हा श्लोक आठवतो. मैफल रंगते, डाव रंगतो, तिथेही तेच. गायक, तबलजी आणि श्रोते वेगवेगळे मोजून ती रंगत हाती लागत नाही.

एक गैरसमज मात्र लेखात शिरू देऊ नका. ‘कसं घडतं ते कळत नाही’ म्हणजे इमर्जन्स नव्हे. विडा का रंगतो ते आपल्याला कळतं: चुन्याच्या अल्कधर्मामुळे सुपारीतल्या टॅनिनसारख्या द्रव्यांचा रंग पालटतो. सी. डी. ब्रॉड या इंग्रज तत्त्वज्ञाने १९२५ साली रासायनिक संयुगांचे गुण घटकांवरून काढता येणार नाहीत, असं मांडलं, आणि दोनच वर्षांत हाइटलर आणि लंडन या भौतिकशास्त्रज्ञांनी हायड्रोजनच्या रेणूतला बंध पुंजयांत्रिकीने (क्वांटम मेकॅनिक्सने) उलगडून दाखवला. म्हणून रेणूचे गुण सुट्या अणूत होते, असं काही ठरत नाही. उलगडा झाल्यावरही नवेपण शिल्लक राहतं. तत्त्वज्ञ यावर दोन गटांत भांडतात. काहींच्या मते नवे गुण तत्त्वतः घटकांवरून काढता येतात, काहींच्या मते निदान जाणीव तरी कधीच काढता येणार नाही. शाळेच्या लेखाला पहिला अर्थ पुरेसा आहे.

माझी पसंती ‘नवोद्भव’. ‘नव’ लागल्यामुळे संकटाचा वास जातो आणि दडलेलं प्रकटलं, असंही वाटत नाही. शब्द अनोळखी वाटेल, पण ब्रह्मसूत्रांत जीव देह सोडून जातो त्यासाठी येणारा ‘उत्क्रान्ती’ आपण डार्विनसाठी घेतलाच, आणि आज शाळकरी मुलाला तो अवघड वाटत नाही. मजकुरात मात्र नाम कमी आणि क्रियापद जास्त वापरा. आकृती असेल तर ‘उमटते’, गुण असेल तर ‘उपजतो’. ‘उपजत’ हे विशेषण मात्र टाळा, त्याचा अर्थ जन्मापासून असलेलं असा नेमका उलटा होईल. विशेषण हवंच असेल तिथे ‘नवोद्भूत गुण’ म्हणा, आणि पहिल्यांदा तो शब्द येईल तिथे शेजारी रंगलेला विडा ठेवा.