कबड्डी सोडवू नका, रात्रीची पार्टी सोडवा

प्रश्न: माझा मुलगा अकरावी विज्ञानला आहे, वय 16. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मंडळाकडून तो कबड्डी खेळतो, चढाई चांगली करतो. गेल्या हंगामात एका रात्रीच्या स्पर्धेत संघ जिंकला. पहाटे तो घरी आला तेव्हा तोंडाला बीअरचा वास येत होता. विचारलं तर म्हणाला, "सगळेच घेतात. क्रिकेटवाले तर मैदानात शॅम्पेन उडवतात." त्याचे बाबा याच मंडळाचे जुने खेळाडू. ते म्हणतात, खेळाडू म्हटला की थोडंफार चालायचंच. मला वाटतं, कबड्डी बंद करून त्याने अभ्यासाला लागावं. या खेळात करिअर आहे तरी का? – एक आई

उत्तर:

नमस्कार ताई,

काळजी वाटणं अगदी बरोबर आहे, पण कबड्डी बंद करू नका. सोळाव्या वर्षी चढाईत नाव काढणाऱ्या मुलाला घरी बसवलं, तर खेळ सुटेल आणि मित्र तेच राहतील. मग संध्याकाळी सरावाला जायचं कारणही उरणार नाही.

रात्रीच्या स्पर्धा मी पाहिल्या आहेत. अंतिम सामना संपायला दीड-दोन वाजतात. चषक, रोख बक्षीस, पाहुण्यांबरोबर फोटो. मग मंडळी जीपमध्ये बसून कुठल्या तरी फार्महाउसवर नाहीतर नदीकाठी जातात आणि बक्षिसाच्या पाकिटातूनच कोंबडी आणि बाटल्या येतात. संघातल्या सगळ्यात लहान पोराला पहिल्या दिवशी कोणी पाजत नाही. त्याला बर्फ आणि चखणा आणायला पाठवतात. पुढच्या वेळी ग्लास भरायला सांगतात. त्यानंतर कोणीतरी म्हणतं, "सात जणांत एकटा घुसतोस आणि याला घाबरतोस?" हे म्हणणारा परका नसतो. बोनस कसा घ्यायचा, कोपऱ्यातल्या पकडीतून कसं निसटायचं, हे त्यानेच शिकवलेलं असतं. त्याच्या शब्दाला नाही म्हणणं त्या वयाच्या पोराला फार जड जातं. म्हणून मुलावर एकट्यावर रागावू नका.

तो टीव्हीवरच्या खेळाडूंचा दाखला देतो, त्यालाही उत्तर आहे. जानेवारी 2022 मध्ये होबार्टला ऑस्ट्रेलियाने इंग्लंडविरुद्धची ॲशेस कसोटी मालिका 4–0 ने जिंकली. मंचावर शॅम्पेन उडायला लागली तेव्हा त्यांचा फलंदाज उस्मान ख्वाजा बाजूला झाला, कारण तो धर्माने मुस्लिम आहे. कर्णधार पॅट कमिन्सच्या हे लक्षात आलं. त्याने सहकाऱ्यांना बाटल्या खाली ठेवायला लावल्या आणि ख्वाजाला फोटोत बोलावून घेतलं. हा व्हिडिओ मुलाला नक्की दाखवा, त्याचे बाबाही बरोबर असू देत. एका माणसाला आनंदात सामील होता यावं म्हणून जगज्जेता संघ बाटली बाजूला ठेवू शकतो, तर गावचं मंडळ एका अकरावीतल्या पोरासाठी का नाही ठेवू शकत?

सचिन तेंडुलकरने वडिलांना दिलेल्या शब्दाखातर दारू-तंबाखूच्या जाहिराती कधीच केल्या नाहीत, हे तुमच्या घरात माहीत असेलच. उलट बाजूही सांगते. इंग्लंडच्या आर्सेनल फुटबॉल संघात एके काळी 'मंगळवार क्लब' होता. बुधवारी सराव नसायचा म्हणून मंगळवारी खेळाडू प्यायला बसायचे. कर्णधार टोनी ॲडम्स त्यात पुढे. 1990 मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तो तुरुंगात गेला, 1996 मध्ये त्याने आपण व्यसनी असल्याचं जाहीरपणे कबूल केलं आणि 2000 मध्ये खेळाडूंसाठी उपचार केंद्र सुरू केलं. तोही थोर खेळाडूच होता. "थोडंफार चालतं" असं संघातल्या अनेकांना वाटत होतं, कारण वेगळं वागणारे फार थोडे होते.

पण खरं सांगू? मुलगा सचिनकडे किंवा कमिन्सकडे बघून शिकत नाही. तो मंडळातल्या चोविशीतल्या चढाईपटूकडे बघून शिकतो. आणि त्याहून जास्त, बाबांकडे. म्हणून तुमच्या यजमानांशी बोलताना मुलाची तक्रार करू नका. त्यांना एवढंच विचारा, आपल्या वेळचे चांगले चढाईपटू आज कुठे आहेत? कोण पोलिसात लागला, कोण रेल्वेत, आणि कोणाचा गुडघा गेल्यावर फक्त बाटली उरली? प्रत्येक जुन्या मंडळात अशी नावं असतात. ती त्यांना मी सांगायची गरज नाही.

आता करिअरचं. इथेच बहुतेक पालकांची गल्लत होते. ज्या आमदार चषकांनंतर या पार्ट्या होतात, त्यांची प्रमाणपत्रं सरकारी नोकरीसाठी उपयोगाची नसतात. महाराष्ट्रात खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी किमान राज्य पातळीवरच्या अधिकृत स्पर्धेतलं प्रावीण्य लागतं आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. म्हणजे तुमच्या मुलाला पुढे नेणारी वाट वेगळी आहे: कनिष्ठ महाविद्यालयाकडून 19 वर्षांखालील शालेय स्पर्धा, जिल्हा कबड्डी संघटनेची कुमार गटाची (20 वर्षांखालील) निवड चाचणी, मग राज्य स्पर्धा. बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठीही हीच वाट. रेल्वे, पोलीस, सेनादल, बँका कबड्डीपटू घेतात. 2014 पासून प्रो कबड्डी ही व्यावसायिक लीगही आहे, पण तिथे जागा थोड्या आणि दावेदार फार. तिच्या भरवशावर शिक्षण सोडायचा विचार मनात आणू नका. बारावी विज्ञान आणि कबड्डी दोन्ही जमतं, मात्र वर्षभर रात्री जागून जमत नाही.

या वाटेवर दारूचा हिशेब रोकडा आहे. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी व्यायामानंतर भरपूर दारू प्यायलेल्या तरुणांचे स्नायू तपासले. प्रथिनं घेऊनसुद्धा स्नायू बांधले जाण्याची क्रिया सुमारे 24 टक्क्यांनी मंदावली होती. सामन्यात गुडघा मुरगळला असेल तर प्यायल्यावर दुखणं जाणवत नाही आणि दुसऱ्या दिवशी पोरगं तसंच मॅटवर उतरतं. शिवाय कुमार गट 20 वर्षांखालचा, आणि महाराष्ट्रात बीअर पिण्याचं कायदेशीर वय 21. म्हणजे त्या गटातल्या एकाही खेळाडूला ती देणं कायद्यात बसत नाही, हे प्रशिक्षकांना स्पष्ट सांगायला संकोच करू नका.

सगळ्यात तातडीची गोष्ट म्हणजे पहाटेचा प्रवास. प्यायलेल्या सीनियरच्या मोटारसायकलवर मागे बसून तो येत असेल, तर हे आजपासून बंद. त्यात अपघाताची भीती आहेच. उद्या त्याने स्वतः पिऊन गाडी हातात घेतली आणि गुन्हा नोंदला गेला, तर पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो आडवा येईल. पुढच्या स्पर्धेला बाबांनी बरोबर जावं, सामना संपला की त्याला घेऊन यावं. मुलालाही मित्रांसमोर सांगायला एक सोपं कारण मिळेल: "बाबा थांबलेत."

सराव कुठे करायचा हेही तपासा. शेजारच्या गावात किंवा तालुक्याला दुसरं मंडळ असेल तर एखाद्या शनिवारी न सांगता जाऊन बसा. सराव संपल्यावर मोठी मुलं कुठे जातात, प्रशिक्षक त्यांच्यात बसतात का, लहानांना घरी कोण सोडतं, एवढं बघा. मॅट जुनी असली तरी चालेल.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात शालेय स्पर्धांचं आणि जिल्हा कबड्डी संघटनेकडे कुमार गट चाचणीचं वेळापत्रक विचारा. जाताना मुलाचा जन्मदाखला आणि महाविद्यालयाचं बोनाफाइड घेऊन जा. चाचणीची तारीख मिळाली की मला कळवा, तोवर अभ्यासाचं वेळापत्रक कसं बसवायचं ते मी लिहून पाठवते.